आम्ही उलट प्रश्न का विचारतो?



तालुक्याच्या गावात, बाजारपेठेत, सरकारी दवाखान्याच्या दारात जी मेडिकलची दुकानं असतात, त्यांच्या काउंटरमागे आम्ही उभ्या असतो. आम्ही फार्मासिस्ट. चिठ्ठी बघून औषध काढून देणं हे आमचं काम तुम्हाला दिसतं. पण दिवसभरात आणखी एक काम चालू असतं, त्याचं बिल होत नाही. ते म्हणजे तुमच्या प्रश्नांना उत्तरं देणं. "ही गोळी कशाची हो?" "जेवणाआधी घेऊ की नंतर?" "मागच्या वेळी पांढरी होती, आता गुलाबी कशी आली?" "अंगावर पाजते, मला चालेल ना?"

आणि आमच्याबद्दल एक तक्रारही कायम असते. "साधं एक विचारायला गेले, तर तिनंच मला दहा प्रश्न विचारले. शेजारच्या दुकानात काही न विचारता लगेच देतात." आज या तक्रारीवरच बोलायचं आहे. आम्ही उलट प्रश्न का विचारतो, उत्तर कुठून शोधतो आणि कोणत्या प्रश्नाला उत्तर देत नाही, हे तुम्हाला माहीत असलं, तर तुम्ही आमच्याकडून जास्त काम करून घेऊ शकाल.

समजा, एक ताई आल्या आणि म्हणाल्या, "कंबर फार धरलीय, दुखण्याची एखादी चांगली गोळी द्या." फळीवर दुखण्याच्या गोळ्या बऱ्याच असतात. त्यातल्या कितीतरी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देताच येत नाहीत, ते वेगळंच. पण यातली चांगली कोणती, हे घेणाऱ्या बाईची तब्येत बघून ठरतं. म्हणून आम्ही विचारतो, गोळी तुमच्यासाठीच आहे ना? किती दिवस दुखतंय? बीपीची, शुगरची, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का? पित्ताचा, अल्सरचा त्रास? दमा? मूत्रपिंडाचा काही आजार? पाळी वेळेवर आली आहे ना, की दिवस गेलेत?

हा शेवटचा प्रश्न विचारला की काही जणी चिडतात. कंबरदुखीचा आणि पाळीचा काय संबंध, म्हणतात. संबंध असा आहे. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन अशा दुखण्याच्या गोळ्या गरोदरपणात पाचव्या महिन्यानंतर घेतल्या, तर पोटातल्या बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो आणि बाळाभोवतीचं पाणी कमी होऊ शकतं. शेवटच्या महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी बंद होण्याचा धोका असतो. याच गोळ्यांनी बीपी वाढू शकतं. रक्त पातळ व्हायच्या गोळीबरोबर त्या पोटात गेल्या, तर आतून रक्तस्राव होऊ शकतो. पावसाळ्यात आणखी एक प्रश्न येतो, "बरोबर ताप आहे का?" कारण डेंग्यूची शंका असताना ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेणं धोक्याचं असतं. त्या तापात पॅरासिटामॉल द्यायचं आणि रक्त तपासायला पाठवायचं.

आता सांगा, यातलं काहीही न विचारता गोळी हातात ठेवणारा दुकानदार जास्त चांगला का?

दुसरं उदाहरण लहान बाळाच्या तापाचं. "पॅरासिटामॉल किती द्यायचं?" हा प्रश्न फोनवर तर फारच येतो. आम्ही लगेच "एक चमचा" असं सांगत नाही. आधी विचारतो, बाळाचं वजन किती? वय किती? हातात बाटली कोणती आहे, ड्रॉपरवाली छोटी की टोपणाच्या मापाची मोठी? बाटलीवर काय लिहिलंय, वाचून दाखवा.

हिशोब करून बघा. थेंबांच्या नेहमीच्या बाटलीत १ मिलिलीटरमध्ये १०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं. पातळ औषधाच्या मोठ्या बाटलीत ५ मिलिलीटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असतं, तर काही बाटल्यांत २५० मिलिग्रॅम. बाळाला एका वेळी वजनाच्या दर किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम लागतं. म्हणजे ८ किलोच्या बाळाला ८० ते १२० मिलिग्रॅम. थेंबांच्या बाटलीतून ते जेमतेम १ मिलिलीटर झालं. मोठ्या बाटलीतून, १२० ची असेल तर, ते ५ मिलिलीटरपर्यंत जातं. आता कोणी सांगितलं, "पाच एमएल दे", आणि आईच्या हातात थेंबांची बाटली असली तर? बाळाच्या पोटात एका वेळी ५०० मिलिग्रॅम जाईल. मोठ्या माणसाची एक पूर्ण गोळी! रात्रीतून तीन-चार वेळा असं झालं, तर बाळाच्या यकृताला इजा होऊ शकते. म्हणून बाटली वाचून घेतल्याशिवाय आम्ही माप सांगत नाही. आणि बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि अंग तापलं असेल, तर माप सांगतच बसत नाही. सरळ म्हणतो, आधी डॉक्टरांकडे न्या.

खोकल्याच्या औषधाचंही तसंच. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं राज्यांना कळवलं, की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं लिहून देऊ नयेत आणि दुकानातूनही देऊ नयेत. पाच वर्षांखालच्या मुलांनाही ती साधारणपणे द्यायची नसतात. म्हणून "खोकल्याची बाटली द्या" म्हटलं की आमचा पहिला प्रश्न असतो, "कोणासाठी?"

आता जरा नाजूक विषय. दुकानात गर्दी असते, पुरुष उभे असतात, एखादी मुलगी हळूच येते आणि मोबाईलवर नाव दाखवते. संबंधानंतर घ्यायची गोळी हवी असते. ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळते. ती मागण्यात लाजण्यासारखं काही नाही. पण आम्ही तिला बाजूला घेऊन दोन-तीन गोष्टी विचारतो. किती तास झाले? शेवटची पाळी कधी आली होती? टीबीचं किंवा आकडीचं औषध चालू आहे का?

प्रत्येक प्रश्नाला कारण आहे. ही गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची असते आणि जितकी लवकर तितकी बरी. टीबीचं रिफाम्पिसिन, आकडीचं फेनिटॉइन किंवा कार्बामॅझेपिन चालू असेल, तर या गोळीचा असर कमी होतो. मग तिनं डॉक्टरांशी बोलून दुसरा उपाय घ्यायला हवा. गोळी घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली, तर पुन्हा घ्यावी लागते. आणि पाळी आधीच चुकलेली असेल, तर या गोळीचा काही उपयोग नाही, कारण राहिलेला गर्भ तिनं जात नाही. तेव्हा आम्ही तपासणीचं किट देतो आणि सकाळच्या पहिल्या लघवीची तपासणी करायला सांगतो.

इथं पुष्कळ वेळा दुसरीच मागणी येते. "मग पाडायच्याच गोळ्या द्या." त्या आम्ही चिठ्ठीशिवाय देत नाही, कितीही ओळख असली तरी. गर्भ गर्भाशयात नसून नळीत असेल, तर या गोळ्यांनी तो जात नाही आणि नळी फुटली, तर बाईच्या जिवावर बेततं. गर्भ अर्धवट पडला तर रक्तस्राव थांबत नाही. ते बघायला डॉक्टर जवळ लागतात. मात्र नुसतं "नाही मिळणार" म्हणून त्या बाईला परत पाठवणं हेही बरोबर नाही. म्हणून आम्ही पुढचं सांगतो. गर्भपात आपल्या देशात १९७१ च्या कायद्यानं दिलेल्या अटींत कायदेशीर आहे, मान्यताप्राप्त सरकारी रुग्णालयांत त्याची सोय असते, तिचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. आणि सज्ञान बाईला यासाठी नवऱ्याची सही लागत नाही. तिची स्वतःची संमती पुरते. हे शेवटचं वाक्य ऐकून काही जणी दुकानातच दोन मिनिटं गप्प उभ्या राहतात.

बरेचसे प्रश्न मात्र रोजचे, घरगुती असतात आणि त्यांची उत्तरं चटकन देता येतात. सगळ्यात जास्त विचारलं जातं ते वेळेबद्दल. रक्तवाढीची, म्हणजे लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, चहानं लोह अंगी लागत नाही. लिंबूपाण्याबरोबर चालते. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकदम घेऊ नका, मध्ये दोन तास तरी जाऊ द्या. लोहाच्या गोळीनं शौचाला काळं होतं, घाबरायचं कारण नाही. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्या. त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नको. आणि तिच्यात आणि लोह किंवा कॅल्शियमच्या गोळीत चार तासांचं अंतर ठेवा. कितीतरी बायका तिन्ही गोळ्या सकाळी एकदमच गिळतात आणि मग थायरॉइड आटोक्यात येत नाही म्हणून डोस वाढत जातो. हे त्या डॉक्टरांना सांगत नाहीत, कारण सांगण्यासारखं काही आहे, हेच त्यांना माहीत नसतं.

ज्यांना वाचता येत नाही, अशा आजीबाईंना आम्ही पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून देतो. सूर्य म्हणजे सकाळची, चंद्र म्हणजे रात्रीची. आणि निघताना त्यांनाच विचारतो, "आजी, आता मला सांगा, कुठली कधी घ्यायची?" ही परीक्षा आमची असते. त्यांना सांगता आलं नाही, तर आमचं सांगणं कमी पडलं, असं समजायचं आणि पुन्हा सांगायचं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं सगळं तुम्हाला पाठ असतं का? नसतं. औषधं हजारो आहेत, नवीन येत राहतात. म्हणून "बघून सांगते" हे वाक्य आम्ही रोज बोलतो. हे ऐकून तुमचा विश्वास कमी होऊ देऊ नका. आम्ही बाटलीबरोबरचा कागद वाचतो, 'नॅशनल फॉर्म्युलरी ऑफ इंडिया' हे सरकारी पुस्तक बघतो, चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना फोन करतो. तरीही अडलं, तर विचारायला औषध माहिती केंद्रं असतात. अमेरिकेत केंटकी विद्यापीठाच्या रुग्णालयात १९६२ मध्ये असं पहिलं केंद्र निघालं, तिथे फार्मासिस्ट बसून डॉक्टर-नर्सच्या प्रश्नांची उत्तरं शोधून देत. आपल्याकडे महाराष्ट्र राज्य फार्मसी परिषदेचं औषध माहिती केंद्र मुंबईत आहे. तिथंही पद्धत हीच: आधी विचारणारा कोण आणि प्रश्न कोणाबद्दल आहे हे समजून घ्यायचं, मग खरा प्रश्न काय ते ठरवायचं, मग शोधायचं, आणि मग उत्तर द्यायचं. मोबाईलवर औषधाचं नाव टाकलं की माहितीचा ढीग पुढे येतो. पण तुम्ही पाचव्या महिन्यात आहात की बाळाला पाजत आहात, हे मोबाईल स्वतःहून विचारत नाही.

काही प्रश्नांना मात्र आमचं उत्तर "नाही" असंच असतं. "मला काय झालंय?" हे आम्ही ठरवत नाही, ते डॉक्टरांचं काम. "बीपी आता बरं आहे, गोळी बंद करू का?" याला आम्ही कधीही "करा" म्हणत नाही. गोळी चालू आहे म्हणूनच बीपी बरं आहे, एवढं सांगतो आणि डॉक्टरांकडे पाठवतो.

आणि एक प्रश्न असा, की त्याचं उत्तर माहीत असूनही आम्ही देत नाही. "आमची सून तुमच्याकडून कसल्या गोळ्या नेते हो?" कधी सासूबाई विचारतात, कधी नवरा, कधी शेजारीण. काळजीनंही विचारत असतील. पण ती पाळणा लांबवायच्या गोळ्या घेत असेल, मनाच्या आजाराच्या घेत असेल, टीबीच्या घेत असेल, ती तिची गोष्ट आहे. आम्ही एवढंच म्हणतो, "मावशी, चिठ्ठी जिची, माहिती तिची. तिलाच विचारा." एचआयव्हीसारख्या आजाराबाबत तर २०१७ च्या कायद्यानंच गुप्तता बंधनकारक केली आहे. कोणी रागावून दुसऱ्या दुकानात गेलं, तर जाऊ दे. उद्या त्याच मावशी स्वतःचं काही विचारायला येतील, तेव्हा त्यांची गोष्टही या काउंटरवरून बाहेर जाणार नाही.

कधी आम्ही तुमचं नाव वहीत लिहून घेतो, तेव्हाही शंका येते. काही अँटिबायोटिक, टीबीची औषधं, अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी, ही 'शेड्यूल एच वन' या यादीत आहेत. २०१४ पासून ती देताना चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव आणि औषध किती दिलं, हे वहीत नोंदवावं लागतं आणि ती वही तीन वर्षं जपावी लागते. तुमच्यावर नजर ठेवण्यासाठी ते नाही. ही औषधं वाटेल तशी खपू नयेत, म्हणून आहे. चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधांच्या पाकिटावर उभी लाल रेघ असते, ती ओळखायला शिका. ती रेघ असलेलं औषध शेजारणीकडून उसनं घ्यायचं नाही.

तुमच्याही काही हक्कांची आठवण करून द्यायला हवी. १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे चिठ्ठीवरचं औषध नोंदणी झालेल्या फार्मासिस्टनंच दिलं पाहिजे. २०१५ च्या नियमांप्रमाणे ते औषध कसं घ्यायचं, हे समजावून सांगणं हे आमचं कर्तव्य आहे, उपकार नाही. दुकानात फार्मासिस्टचं प्रमाणपत्र लावलेलं असतं. काउंटरवर नुसताच एखादा मुलगा असेल, तर "फार्मासिस्ट कोण आहेत?" असं खुशाल विचारा. दुकानाबद्दल तक्रार असेल, तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा विनामूल्य क्रमांक आहे, १८००-२२२-३६५.

आणि औषध घेतल्यावर काही विपरीत झालं, अंगावर पुरळ उठलं, ओठ सुजले, चक्कर आली, तर "मला नाही मानवलं" म्हणून गप्प बसू नका. श्वास लागला किंवा चेहरा सुजला, तर आधी दवाखाना गाठा. नंतर आम्हाला सांगा, किंवा स्वतःच १८००-१८०-३०२४ या विनामूल्य क्रमांकावर कामाच्या दिवशी कळवा. हा गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाचा क्रमांक आहे. त्यांचा नोंदीचा अर्ज मराठीतही मिळतो. अशा नोंदींचं काय होतं? पाळीच्या दुखण्यासाठी कितीतरी मुली मेफेनॅमिक ॲसिडची गोळी घेतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये या आयोगानं देशभर सूचना दिली, की या गोळीनं क्वचित ताप, पुरळ आणि आतल्या अवयवांना सूज अशी गंभीर ॲलर्जी होऊ शकते, तेव्हा लक्ष ठेवा. ही सूचना आली ती आलेल्या नोंदी तपासल्यावर. तुमच्यासारख्याच कुणाच्या तरी अंगावर उठलेलं पुरळ कागदावर आलं, म्हणून बाकीच्यांना सावध करता आलं.

जाता जाता तुमच्यासाठी एक छोटं काम. घरात चालू असलेल्या सगळ्या औषधांची रिकामी पाकिटं एका पिशवीत ठेवा. आयुर्वेदिक काढा, चूर्ण, टॉनिक हेही त्यात धरा, कारण तीही औषधंच आहेत. काही विचारायला आलात, की ती पिशवी आणा. मुलांची वजनं एका चिठ्ठीवर लिहून ठेवा. कोणत्या औषधाची ॲलर्जी असेल, तर तेही त्याच चिठ्ठीवर लिहा. आणि नवीन औषध घेताना चार गोष्टी विचारल्याशिवाय काउंटर सोडू नका: हे कशासाठी आहे, कधी आणि किती दिवस घ्यायचं, कशाबरोबर घ्यायचं नाही, आणि काय झालं तर लगेच परत यायचं.

सगळ्यांसमोर बोलायचं नसेल, तर नुसतं म्हणा, "ताई, जरा बाजूला या." दुपारी दोन ते चारच्या सुमाराला दुकानात गर्दी कमी असते. तेव्हा आलात तर निवांत बोलता येईल.

तुमचे प्रश्न घेऊन या. आमचे तयार आहेतच.